शब्बाथ शाळेतला एक मुलगा गप्प झालाय

मावशींना सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवते. दहा ते चौदा वयाची सोळा मुलं माझ्याकडे आहेत. दोन महिन्यांपूर्वी याईराच्या मेलेल्या मुलीला येशूने उठवलं, तो पाठ होता. 'मुली, ऊठ' हे वाचून झालं आणि तेरा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "टीचर, माझ्या पप्पांसाठी पण आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती. मग त्यांना का नाही उठवलं?" त्याचे वडील गेल्या पावसाळ्यात किडनीच्या आजाराने गेले. मंडळीने उपवास केले होते, साखळी प्रार्थना केली होती. मी गोंधळले. "देवाची योजना आपल्याला कळत नाही, असे प्रश्न विचारायचे नसतात," असं म्हणून पुढचं वचन वाचायला लावलं. तेव्हापासून तो येतो, पण भिंतीकडे मागे बसतो. पाठांतर बिनचूक म्हणतो, बाकी अक्षर बोलत नाही.

मी हे कमिटीतल्या एका काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बरोबर केलंत. शास्त्रातला पहिला प्रश्न सापाने विचारला. मुलांना प्रश्नांची सवय लागली की विश्वास जातो." काका मनाने चांगले आहेत, मंडळीसाठी खूप करतात. पण मला पटत नाही आणि उत्तरही देता येत नाही. ख्रिस्ती शिक्षणात प्रश्नांना जागा आहे का? आणि ज्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, त्या प्रश्नाचं मी करू काय?

— एक शब्बाथ शाळा शिक्षिका

ताई, सलाम.

त्याने हात वर केला होता, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तो मध्येच बोलला नाही, खोडी काढायला बोलला नाही. तो पाठ सोळा मुलांनी ऐकला. हे खरं आहे असं धरून आपल्या घराला लावून पाहिलं ते त्या एकट्याने. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारं मूल शिक्षकाला फार वर्षांनी एखादं मिळतं. ते गप्प झालंय म्हणून तुम्हाला झोप येत नाही, याचा अर्थ तुम्ही त्या जागी योग्यच माणूस आहात. मलाही तुमचं पत्र वाचून त्या रात्री झोप आली नाही.

आधी काकांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शास्त्रातला पहिला प्रश्न सापाचा, हे खरंच आहे. बायबलातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय 3, पहिलं वचन. पण तो प्रश्न नीट वाचा. देवाने एका झाडाची मनाई केली होती. साप विचारतो, कोणत्याच झाडाचं फळ खायचं नाही असं देवाने खरंच सांगितलं का? प्रश्नाच्या पोटात खोटं भरलेलं आहे. घात झाला तो त्या खोट्याने. मला तर नेहमी वाटतं, त्या दिवशी हव्वेने देवाला उलट जाऊन एक प्रश्न विचारला असता तर! तिने कोणालाच काही विचारलं नाही.

आणि काकांना म्हणावं, तिथेच थांबू नका, नवव्या वचनापर्यंत या. तिथे देव बागेत येतो आणि त्याच्या तोंडचे पहिले शब्द काय आहेत? 'तू कोठे आहेस?' झाडीत लपलेल्या माणसाला देव प्रश्न विचारतो. त्याला काय आदाम सापडत नव्हता? पुढच्या अध्यायात काइनाला विचारतो, तुझा भाऊ हाबेल कोठे आहे? माणूस लपला, माणूस बिघडला, की देव आधी विचारतो आणि मग सांगतो. एकाच अध्यायात सापाचाही प्रश्न आहे आणि देवाचाही. तुमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न कोणत्या जातीचा, हे ओळखायला फार मोठं ज्ञान लागत नाही. त्याच्या प्रश्नात खोटं काय होतं? प्रार्थना केली होती, खरं. वडील गेले, खरं. याईराची मुलगी उठली, हे तर तुम्हीच आत्ता शिकवलं होतं.

काका जखऱ्याचंही नाव काढतील. म्हातारपणी तुला मुलगा होईल असं सांगणाऱ्या देवदूताला त्याने 'हे मी कशावरून समजू?' असं विचारलं आणि मुका झाला. त्याच अध्यायात, लूक 1 मध्ये, येशूची आई मरीयाही विचारते, 'हे कसे होईल?' आणि तिला उत्तर मिळतं. जखऱ्याने पुरावा मागितला, मरीयेने समजून घ्यायला विचारलं. तरी जखऱ्याचं काय गेलं? काही महिने वाचा गेली. मुलगा मिळालाच. वाचा परत आली तेव्हा तोंडून स्तुतीच निघाली.

विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे येशू बघत असे, आणि त्याप्रमाणे उत्तर देत असे. कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न त्याला अडकवायला आणला होता. तिथे त्याने नाणं मागवलं आणि उलट विचारलं, हा मुखवटा कोणाचा? माझा शेजारी कोण, असं विचारणाऱ्या शास्त्र्याला त्याने गोष्ट सांगितली आणि शेवटी तोच प्रश्न फिरवून त्याच्याच हातात दिला: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? आंधळ्या बार्तीमयाला, ज्याला काय हवं ते सगळ्या यरीहोला दिसत होतं, त्यालाही विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? आणि तुरुंगात पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान निरोप पाठवतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देन नदीत येशूला स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला, त्याचा हा प्रश्न! येशू त्याला अविश्वासी म्हणत नाही. निरोप्यांना सांगतो, तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते त्याला जाऊन सांगा. आणि ते निघून जाताच लोकांपुढे योहानाची थोरवी गातो. मत्तय 11 काकांबरोबर बसून वाचा. वाद घालू नका, नुसतं वाचा.

तुमचा विद्यार्थी तेरा वर्षांचा. लूकच्या दुसऱ्या अध्यायातला येशू बारा वर्षांचा आहे. मंदिरात गुरुजनांमध्ये बसून तो त्यांचं ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न करतो आहे. आईबाप त्याला शोधत आले तेव्हा तिसरा दिवस होता, आणि त्या गुरुजींपैकी कोणी 'पोरा, घरी जा' असं म्हटल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही. यहुदी लोकांत ही रीतच होती. निर्गम 12 मध्ये मोशे सांगतो, तुमची मुलं तुम्हाला विचारतील, या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. आजही वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरातल्या धाकट्या मुलाने विचारायचं असतं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मग घरचे सुटकेची गोष्ट सांगतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांसाठी 1874 मध्ये पुण्यात या विधीचं हिब्रू-मराठी पुस्तक छापलं गेलं होतं. म्हणजे हा प्रश्न मराठीतही विचारला जात आला आहे. मुलाने विचारल्यावरच सांगायला सुरुवात करायची, अशी ती मांडणी.

आपल्याकडे मात्र प्रश्न म्हटलं की धर्मशिक्षणाची पाठ करायची प्रश्नोत्तरावली आठवते आणि पाठोपाठ छडी. मी पाठांतराला नावं ठेवणार नाही. 1528 च्या सुमारास जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर सॅक्सनीतल्या मंडळ्या पाहत हिंडला. खेड्यांतल्या लोकांना काहीच येत नाही, कित्येक पाळकांना शिकवताच येत नाही, हे बघून तो हादरला. 1529 मध्ये त्याने घरच्या कर्त्या माणसाने मुलांना शिकवावी म्हणून छोटी प्रश्नोत्तरावली काढली. प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न: याचा अर्थ काय? 1563 ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली 129 प्रश्नांची आहे आणि तिचा पहिलाच प्रश्न असा: जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? तुझा, असं विचारलंय. ही माणसं कोरडी नव्हती. पाठ केलेले शब्द अडचणीच्या वेळी धावून येतात, हे मी आजाऱ्यांच्या खाटेजवळ बसून पाहिलं आहे. पण त्या पुस्तकांत विचारणारे मोठे आणि उत्तर देणारी मुलं. मूल स्वतःहून विचारतं तो प्रश्न त्यात छापलेला नसतो. तो समोर आला की आपण पान शोधत बसतो, आणि पान सापडलं नाही की घाबरतो. तुमचं तेच झालं. माझंही अनेकदा झालं आहे.

काकांची खरी भीती विश्वास जाण्याची आहे. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी काही वर्षांत दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, मग नवरा गेला, आणि कडेवर लहानगी मनोरमा. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याबद्दल), चर्चच्या अधिकाराबद्दल. सिस्टर कधी कळवळून, कधी रागावून लिहीत. रमाबाई मागे हटल्या नाहीत. इकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वच्छ कळवलं. काकांच्या हिशेबाने या बाईचा विश्वास केव्हाच जायला हवा होता. त्याच रमाबाई पुढे केडगावला मुक्तिसदनात शेकडो पोरक्या मुलींच्या आई झाल्या, आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवायला बसल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. भाषांतर 1924 मध्ये पुस्तकरूपाने आलं. मूळ शब्द काय आहे, हे विचारल्याशिवाय ज्यांना चैन पडत नव्हतं, त्यांच्याकडूनच असं काम होतं असं मला मनापासून वाटतं.

आता त्या मुलाचं.

योहानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर मेला आहे. येशूला वेळेवर निरोप गेला होता, तरी तो दोन दिवस होता तिथेच राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने तिची बहीण मरीया येते, पाया पडते आणि तेच म्हणते. जवळजवळ शब्दाला शब्द तोच. तुमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं याहून वेगळं काय आहे? दोघी बहिणींची तक्रार एक. येशू मार्थेशी बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं तिला सांगतो, आणि विचारतो, हे तू खरं मानतेस का? मरीयेला तो यातलं काही सांगत नाही. ती रडते आहे हे बघतो, लाजराची कबर कुठे ते विचारतो, आणि रडतो.

एकच वाक्य, दोन बहिणी, आणि दोन निराळी उत्तरं. हे मी वयाच्या पन्नाशीपर्यंत कितीतरी वेळा वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. तुमचा विद्यार्थी त्या रविवारी मार्था होता की मरीया, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळणं शक्य नव्हतं. कळायला त्याला एक तरी प्रश्न विचारावा लागतो.

मी आठ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ गोवराने गेला. आमच्या वाडीत एक बायबलबाई राहत. मुलांना गोष्टी सांगत, गाणी शिकवत. मी त्यांच्या ओट्यावर गेले तेव्हा त्या बाजरी पाखडत होत्या. मी विचारलं, येशूला लेकरं आवडतात तर त्याने बाळूला का मारलं? पाखडायचा आवाज थांबला. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले. मला वाटलं आता मार बसणार. त्या म्हणाल्या, "मला पण नाही गं ठाऊक. माझी दोन गेली. मी पण विचारते त्याला." मग म्हणाल्या, "आज दोघी मिळून विचारू." आणि तिथेच, बाजरीच्या कोंड्यात बसून, त्यांनी देवाला माझा प्रश्न माझ्याच शब्दांत सांगितला. एक अक्षर गोड केलं नाही. उत्तर काही आलं नाही. मी आज सत्तरीची आहे आणि अजून प्रार्थना करते, त्याला ती दुपार कारण आहे.

तेव्हा ज्याचं उत्तर ठाऊक नाही त्या प्रश्नाचं काय करायचं, तर हे. 'मला ठाऊक नाही' असं म्हणायचं, आणि ते म्हणून उठून जायचं नाही.

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी कार्थेजच्या एका डीकनने, म्हणजे चर्चच्या सेवकाने, देओग्रातियास त्याचं नाव, संत ऑगस्टीनला जवळपास तुमच्यासारखंच पत्र लिहिलं होतं. नव्याने आलेल्यांना शिकवताना माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटतं, काय करू? ऑगस्टीनने अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. माझंही बोलणं मला बहुतेक वेळा पसंत पडत नाही, असं आधी कबूल केलं. मग सांगितलं, आलेल्या माणसाला विचार, तू इथे का आलास. तो गप्प असेल तर लाजतोय, घाबरलाय की समजलं नाही, हे मायेने काढून घे. उभा राहून थकला असेल तर बसायला दे. आणि काही केल्या आत काही पोचत नसेल, तर त्याच्यापाशी देवाबद्दल फार बोलण्यापेक्षा देवापाशी त्याच्याबद्दल जास्त बोल. हे शेवटचं तुम्ही आज रात्रीपासून सुरू करा.

मुलाकडे मात्र या आठवड्यातच जा. वर्गात नको, सगळ्यांसमोर तर नकोच. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जा. त्याला म्हणा, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी तुला गप्प केलं. चूक माझी होती. तुझा प्रश्न चांगला होता." एवढं बोलून थांबा. तो मान खाली घालून बसेल. बसू द्या. जमलं तर एवढंच विचारा, "प्रार्थना करायचास तेव्हा काय म्हणायचास?" मग जे येईल ते ऐका. देवाची वकिली करायला जाऊ नका. 'देवाला पप्पा जास्त आवडले' किंवा 'प्रार्थनेत आपलाच विश्वास कमी पडला' असलं तर चुकूनही बोलू नका. ही वाक्यं मुलं आयुष्यभर उरावर वागवतात. शेवटचं तर पोराला असं वाटायला लावतं की आपल्यामुळेच बाप गेला.

त्याने पुन्हा सरळ विचारलंच, का नाही उठवलं, तर जे खरं आहे ते सांगा. येशू होता तेव्हाही त्या मुलखात पुष्कळ घरांत माणसं मेली. शुभवर्तमानांत त्याने उठवलेले तिघेच सांगितले आहेत: याईराची मुलगी, नाइनच्या विधवेचा मुलगा आणि लाजर. तेही पुढे मेलेच. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतःसाठी मागितलं, हा प्याला दूर कर, आणि तो दूर झाला नाही. वधस्तंभावर तो ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी येते, पुढे डोंगरावर येते. या 'का'ला मात्र वाणी येत नाही. तुझा प्रश्न येशूनेही विचारला, आणि त्यालाही त्या घटकेला उत्तर मिळालं नाही, हे तेरा वर्षांच्या मुलाला समजतं. मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. तिसऱ्या दिवसाची गोष्ट त्याला माहीत आहे, ती लगेच पुढे ढकलू नका. वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यात एक शनिवार आहे आणि तो मुलगा सध्या तिथे आहे.

वर्गात एवढंच करा. पाठाच्या शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांना ठेवा. सुरुवातीला कोणी विचारणार नाही, कारण आजवर आपणच विचारत आलो आणि उत्तरं आपल्या कागदावर तयार होती. तारवात किती माणसं, भाकरी किती, टोपल्या किती. येशू शास्त्र्याला विचारतो, तुझ्या वाचनात काय आलं आहे? तसं विचारून बघा, 'तुला यात काय दिसलं?' आणि पुढचा एखादा पाठ योहान 11 चा घ्या. दोन मुलींना दोघी बहिणींची वाक्यं मोठ्याने वाचायला लावा. काकांनाही त्या रविवारी वर्गात येऊन बसायची विनंती करा. नुसतं मागे बसा म्हणा, त्या मुलाजवळ.

आणि त्याच्या आईबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही. शनिवारी जाल तेव्हा मुलाशी बोलून लगेच उठू नका. ती चहा टाकेल, तिच्याबरोबर आत स्वयंपाकघरात जा. तोच प्रश्न तिच्याही मनात असणार, आणि तिला तर हात वर करायला वर्गही नाही.

प्रभूमध्ये तुमची,
मावशी